आमची वाटचाल : रिवाइंडिंगच्या टेबलावरून जुन्या व्हॅक्यूम क्लीनरकडे

आमचं मूळ काम मोटर रिवाइंडिंगचं. बाबांनी सुरू केलेलं. ड्रिल मशीन, मिक्सर, ग्राइंडर, जे येईल त्याची मोटर खोलायची, जळलेली वायर काढायची, टर्न म्हणजे तारेचे वेढे मोजायचे, तेवढेच परत भरायचे, वार्निश करून सुकवायचं आणि सिरीज बोर्डवर, म्हणजे बल्बमधून वीज देणाऱ्या तपासणीच्या बोर्डवर लावून बघायचं. बाबांची एक सवय होती, स्क्रूला हात लावायच्या आधी नेमप्लेटवरचं सगळं वहीत उतरवून घ्यायचं, म्हणजे कंपनी, मॉडेल, सिरीयल नंबर, व्होल्ट, वॅट सगळं. लहानपणी मला आणि धाकट्या भावाला ते वेळखाऊ वाटायचं. आज आमच्या धंद्यात सगळ्यात किमती वस्तू कोणती असं विचाराल तर त्या वह्या.

पहिला जुना व्हॅक्यूम क्लीनर आला तो इलेक्ट्रोलक्सचा मॉडेल थर्टी. लांबट सिलिंडर, क्रोमच्या पट्ट्या, खाली चाकं नाहीत तर बर्फावरच्या घसरगाडीसारख्या दोन पट्ट्या. आम्हाला वाटलं कुठल्या तरी कारखान्यातलं यंत्र असेल. नंतर कळलं की १९३७ साली लुरेल गिल्ड नावाच्या डिझायनरने हे रूप दिलं होतं आणि घराघरात वापरलं जायचं. मोटर जळलेली नव्हती, फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे झिजून संपले होते आणि ते ज्यावर घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कम्युटेटरवर काळा थर बसला होता, बस्स. बाबांनी थर साफ केला, पट्ट्यांमधला माइका (अभ्रक) जिथे वर आला होता तिथे हॅकसॉ ब्लेडच्या तुकड्याने हळूहळू खरवडला, मापाचा कार्बन घासून बसवला आणि मशीन असं काही सुरू झालं की आम्ही तिघंही नुसतं ऐकत बसलो. नव्या मशीनसारखी किंचाळी नाही, एकसारखा भरलेला आवाज. तिथून मला याचा नाद लागला तो लागलाच.

सुरुवातीला आम्ही फक्त रिपेअर करायचो. कोणी आजीचा जुना क्लीनर आणून द्यायचं, कोणी भंगारातून उचललेला. हळूहळू कलेक्टर, म्हणजे जुनी मशीनं जमवणारे लोक यायला लागले आणि त्यांचे प्रश्न वेगळेच असायचे. चालतो का हे ते शेवटी विचारायचे, आधी विचारायचे की हा हुड, म्हणजे मोटरवरचं झाकण, याच मॉडेलचा आहे का, बॅग मूळची आहे का, हँडलची ग्रिप बदललीय का. आम्हाला मोटर कळत होती, मॉडेल कळत नव्हतं, आणि ते आम्हाला एका कॉन्स्टेलेशनने शिकवलं.

कॉन्स्टेलेशन म्हणजे हूवरचा तो चेंडूसारखा गोल क्लीनर, १९५० च्या दशकातला. त्याची ख्याती अशी की बाहेर फेकली जाणारी हवा खालून सोडलेली असते, त्यामुळे मशीन जमिनीवरून किंचित उचललं जातं आणि नळी ओढली की तरंगत मागे येतं. एक वयस्कर काका तो घेऊन आले आणि म्हणाले, "अरे, हा तरंगत नाही, आईकडे होता तो छान तरंगायचा, बघ काहीतरी." मी चार दिवस त्याच्यामागे लागलो. गॅस्केट बदललं, गळती शोधली, मोटर दोनदा खोलली, ओढ उत्तम, हवा उत्तम, पण मशीन जागचं हलत नाही. शेवटी भावाने जुन्या वह्या काढल्या, आधी आमच्याकडे आलेल्या एका कॉन्स्टेलेशनचा नंबर आणि बुडाचा फोटो शोधला आणि दोन्ही शेजारी ठेवले. नंबर वेगळा, बुड वेगळं. अगदी सुरुवातीचे कॉन्स्टेलेशन तरंगायचेच नाहीत, ती सोय नंतरच्या मॉडेलमध्ये आली. म्हणजे मी चार दिवस एका धडधाकट मशीनमध्ये दोष शोधत होतो, कारण त्या दिवशी घाईत मी नंबर न लिहिताच स्क्रू काढले होते.

काकांना सांगितलं तेव्हा ते जरा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "म्हणजे आईकडचा नंतरचा होता तर. मग तो शोधून दे मला." पैसे आम्ही घेतले नाहीत, घेण्यासारखं काही केलंच नव्हतं, पण तो नंतरचा गोळा शोधायला आम्हाला वर्ष लागलं आणि त्या वर्षात आमचा धंदा बदलला. रिपेअर करणारे होतो, ते ओळखून देणारे आणि जुळवून देणारे झालो.

मग आम्ही पद्धतशीर तुलना सुरू केली. आता टेबलावर मशीन आलं की पहिला प्रश्न हा असतो की धूळ आधी फॅनमधून जाते की आधी बॅगेत जाते. ओहायोतल्या कँटनमध्ये जेम्स मरे स्पँगलर नावाचा सफाई कामगार होता, त्याला दम्याचा त्रास, झाडू मारताना उडणारी धूळ सहन व्हायची नाही म्हणून त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून यंत्र बनवलं, १९०८ साली पेटंट मिळालं आणि ते हूवर कुटुंबाने घेतलं. त्या जातीच्या उभ्या मशीनमध्ये कचरा थेट फॅनवरून बॅगेत जातो. सिलिंडरवाल्या मशीनमध्ये बॅग आधी, फॅन मागे. हे नुसतं इतिहास म्हणून सांगत नाही, उभ्या मशीनच्या फॅनची कड बघितली की त्याने किती वाळू आणि किती खिळे खाल्लेत ते कळतं, आणि चकचकीत हुडाच्या आत कड तुटलेला फॅन असेल तर विकणारा "फार कमी वापरलंय" म्हणतोय ते खरं नाही हे आम्ही समोरच्याला स्पष्ट सांगतो.

दुसरी गोष्ट रोलर, म्हणजे गालिच्यावर फिरणारा ब्रशचा दांडा. हूवरने १९२६ मध्ये मॉडेल ७०० काढलं, त्यात ब्रशच्या जोडीला धातूचे बार आले, ते गालिचा आपटून आतली माती मोकळी करतात. त्याआधीच्या मॉडेलमध्ये नुसते केसांचे ब्रश. त्यामुळे जुन्या अंगात नवा रोलर दिसला की वहीत लाल पेनने नोंद होते. मॉडेल १५० चं उलट आहे, १९३६ चं, हेन्री ड्रायफसचं डिझाइन, ते लांबूनच ओळखू येतं, पण त्याचं बेकेलाइटचं (जुन्या कडक प्लॅस्टिकचं) हुड तडकलेलं असतं आणि आतून चिकटवून वरून रंग दिलेला असतो. हुड उलटं करून उजेडासमोर धरा आणि बोटाच्या पेराने टिचक्या मारत जा, अखंड असेल तर टणक आवाज येतो, तडा असेल तिथे आवाज बसतो. ही परीक्षा माझ्या भावाला माझ्यापेक्षा चांगली जमते.

सगळ्यात जास्त गोंधळ कर्बी कंपनीच्या मशीनमध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर ५०५ पासून नंबर चढत गेले, पुढे सॅनिट्रॉनिक, क्लासिक, ट्रॅडिशन, हेरिटेज, आणि १९९० ला जनरेशन थ्री आलं, ज्यात मशीन स्वतः पुढेमागे चालतं. पण ॲल्युमिनियमच्या अंगाची मूळ घडण पिढ्यान्‌पिढ्या इतकी जवळची की एकाचा भाग दुसऱ्याला बसून जातो. वापरणाऱ्याच्या दृष्टीने हे वरदानच आहे, कलेक्टरसाठी मात्र डोकेदुखी, कारण तीन वेगळ्या मॉडेलचे भाग जोडून पॉलिश मारलेलं मशीन दिसायला एकदम सुंदर असतं. आम्हीही सुरुवातीला असं एक घेतलं होतं. ते विकलं नाही, शिकाऊ पोरांना ओळखायला शिकवण्यासाठी ठेवलंय, कुठला भाग कुठल्या मॉडेलचा ते न सांगता आधी त्यांनाच विचारतो.

व्होल्टेजचं पण लक्षात ठेवायला लागतं. अमेरिकेतलं मशीन ११० ते १२० व्होल्टचं, आणि ब्रिटनमध्ये तर पूर्वी गावोगावी पुरवठा वेगळा, कुठे डीसी कुठे एसी, म्हणून एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या व्होल्टच्या प्लेट सापडतात. युनिव्हर्सल मोटर असल्याने डीसी एसी दोन्हीवर चालते, पण व्होल्ट जुळलेच पाहिजेत. जुन्या रबराची वायर दिसली की आम्ही प्लगच लावत नाही, वाकवली की रबर बिस्किटासारखं तुटतं आणि तांबं उघडं पडतं. वायर नवीन टाकतो, जुनी गुंडाळून सोबत देतो, आणि काय बदललं ते लिहून देतो. काही गिऱ्हाइकं नाराज होतात की मूळपण गेलं. जाऊ दे. धातूच्या अंगाच्या मशीनला हात लावणारा माणूस मूळ वायरपेक्षा महत्त्वाचा, यावर आमच्यात कधी चर्चा पण होत नाही.

हल्ली तरुण कलेक्टर वेगळेच शोधतात. जपानमध्ये १९८६ ला आलेला गुलाबी जी-फोर्स, १९९३ चा डायसनचा डीसी०१, असली प्लॅस्टिकची मशीनं. बाबांना ती अजून जुनी वाटत नाहीत, मला वाटतात, कारण प्लॅस्टिकच्या खाचा तुटल्या की बेकेलाइटइतकाच त्रास होतो आणि सुटे भाग जमवायची वेळ आत्ताच आहे, दहा वर्षांनी नाही. आम्ही त्यांच्यासाठी वेगळी वही सुरू केलीय.

नवीन लोक विचारतात की मशीन पाठवण्याआधी काय करायचं. काही करू नका. मशीन पालथं करा, पोटाखाली किंवा हुडाच्या मागे प्लेट असते, तिच्यावर मेटल पॉलिश अजिबात लावू नका, अक्षरांचा रंग त्यानेच जातो आणि मग नंबर वाचायला आम्हाला तिरका उजेड टाकून तास घालवावा लागतो. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, बाजूने टॉर्च धरा, फोटो काढा आणि आधी तो फोटो पाठवा. स्क्रू आम्ही काढू.