पहिली खेप विमानात चढेपर्यंत

आमच्या लहानशा कारखान्यात दाब मोजणारी उपकरणे तयार होतात. परदेशातून पहिली मागणी आली, तेव्हा ग्राहकाचे उत्पादन अडलेले होते आणि जहाजाची वाट पाहण्याइतका वेळ त्याच्यापाशी नव्हता, त्यामुळे माल विमानानेच पाठवणे भाग होते.

पहिला धडा भाड्याच्या हिशेबातच मिळाला. विमानात वजनाइतकीच जागाही मोलाची असते. म्हणून खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून त्या गुणाकाराला सर्वसाधारणपणे ६००० ने भागतात, आणि येणारे आकारमानी वजन प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त भरले तर भाडे त्यावर आकारतात. आमचे ६० बाय ५० बाय ४० चे खोके काट्यावर १२ किलोचे होते, पण हिशेबात ते २० किलोचे ठरले. त्या रात्री आम्ही बाराही खोकी उघडली, आतला जास्तीचा फोम काढला आणि उपकरणे ५० बाय ४० बाय ३६ च्या खोक्यांत नीट बसवली, तेव्हा आकारमानी वजनही १२ किलोवर आले.

कागदपत्रांचे काम त्यामानाने सरळ होते. मालाचा एचएस कोड, म्हणजे सीमाशुल्कासाठी वस्तूचा प्रकार सांगणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक, निश्चित केला, इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्टमधील आकडे ताडून पाहिले. खरी अडचण आली ती लाकडी पॅलेटमुळे, म्हणजे ज्यावर खोकी रचतात त्या चौकटीमुळे. निर्यातीच्या लाकडावरून कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून ते गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवून त्यावर कणसाच्या चिन्हाचा शिक्का उमटवतात. पुरवठादाराने दिलेल्या पॅलेटवर तो शिक्का नव्हता, आणि हे लक्षात आले ते रात्रभर ट्रकने प्रवास करून दूरच्या विमानतळावर पोहोचल्यानंतर. पॅलेट बदलेपर्यंत माल स्वीकारण्याची वेळ टळून गेली. अडलेला ग्राहक डोळ्यांसमोर असताना गोदामाच्या दाराशी उभे राहून काढलेले ते तास मला आजही आठवतात.

जगाच्या व्यापारात विमानाने जाणारा माल वजनाने १ टक्क्याहून कमी, पण मूल्याने सुमारे एक तृतीयांश असतो. हे प्रमाण मी पूर्वी वाचले होते. त्याचा अर्थ कळला तो आमच्या जवळच्या विमानतळावर कार्गो टर्मिनल सुरू झाल्यावर. धावपट्टी तिथे आधीपासून होती, प्रवासी विमानेही येत होती, परंतु सीमाशुल्क तपासणी, सुरक्षा तपासणीचे एक्स-रे यंत्र आणि माल ठेवायची जागा या सोयी एका छताखाली आल्यानंतरच त्या विमानांच्या पोटातली रिकामी जागा आमच्या कामाची झाली. आता पॅलेटचा शिक्का राहिला तर दुपारपर्यंत दुसरे पॅलेट नेता येते.

टर्मिनलजवळ फ्रेट फॉरवर्डरांनी, म्हणजे उत्पादकांच्या वतीने मालवाहतुकीची व्यवस्था करणाऱ्यांनी, कार्यालये थाटली, मापाची खोकी बनवणाऱ्यांना काम मिळाले, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी सोय झाली ती एकत्रित खेपेची. फॉरवर्डर अनेकांचा माल एका मास्टर एअरवे बिलाखाली, म्हणजे विमान कंपनीच्या एकाच वाहतूक पावतीखाली घेतो, प्रत्येकाला स्वतंत्र हाउस एअरवे बिल देतो, आणि मोठ्या वजनाला लागणाऱ्या कमी दराचा लाभ लहान उत्पादकापर्यंत पोहोचतो. आमच्या मागच्या खेपेत १२ खोक्यांसोबत परिसरातील आणखी तीन कारखान्यांचा माल होता. त्यांपैकी दोघांची ती पहिलीच निर्यात होती.