आधी गोळी बदलली, मग बाळ

कॉलेजपासून मला फिट्स येतात. टोपिरामेट या गोळीवर त्या आटोक्यात होत्या. बोटांना मुंग्या येत आणि सोडा पाणचट लागे, एवढंच. लग्नानंतर न्यूरोलॉजिस्टकडे मुलाचा विषय काढला, तर बाईंनी कागदावर चित्रच काढायला घेतलं.

गर्भ राहिल्यावर सहाव्या-सातव्या आठवड्यात वरच्या जबड्यातून दोन पट्ट्या जिभेच्या दोन्ही बाजूंनी खाली वाढतात. मग जीभ खाली सरते, पट्ट्या उचलून आडव्या होतात आणि मधोमध जुळतात. बाराव्या आठवड्यापर्यंत टाळू, म्हणजे तोंडाचं छत, तयार. त्यांची वाढ कमी पडली किंवा उचलायला उशीर झाला, तर कडा भेटतच नाहीत. उत्तर अमेरिकेतल्या नोंदींनुसार टोपिरामेट घेणाऱ्या आयांच्या १.४ टक्के बाळांमध्ये ओठ किंवा टाळू दुभंगलेली आढळली. फिट्सच्या इतर औषधांवर हेच प्रमाण ०.३८ ते ०.५५ टक्के. २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी तसा इशाराही दिला.

"दिवस गेल्यावर बदलू" हे चालत नाही, कारण बदलायलाच महिने जातात. लेव्हेटिरासेटाम हे फिट्सचं दुसरं औषध हळूहळू वाढवलं, टोपिरामेट हळूहळू उतरवलं. एकदम थांबवलं तर फिट येऊ शकते, आणि गरोदरपणात मोठी फिट आई-बाळ दोघांनाही घातक. तोवर कॉपर-टी, स्कूटर बंद, रोज फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम (ते मुख्यतः बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूसाठी). नव्या गोळीने चिडचिड इतकी वाढली की नवरा दारातूनच अंदाज घ्यायचा. मधेच सोडून द्यावंसं वाटलं ते याच काळात.

दिवस राहिल्यावर मूत्रपिंडं औषध भराभर बाहेर टाकतात, म्हणून रक्तातली पातळी बघून डोस वाढवावा लागला. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत ओठ नीट दिसला. पण नुसती टाळू मागे दुभंगलेली असेल तर सोनोग्राफीत सुटू शकते, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ग्रहणात मी विळी हातात धरली नव्हती ना, याची चौकशी मावशींनी तेवढ्यात करून घेतली. गोळीबद्दल मात्र कुणीच विचारलं नाही.

मुलगी झाली तेव्हा बालरोगतज्ज्ञांनी टॉर्च लावून पार पडजिभेपर्यंत पाहिलं. टाळू अखंड होती. मग माझा डोस पुन्हा उतरवला. जागरणाने फिट येते, म्हणून रात्रीचं एक दूध काढून ठेवते. ते नवरा पाजतो.