‘साँग ऑफ द सी’ लहान मुलांना दाखवू का? तुम्ही विचारलंत म्हणून

मी हा पिक्चर ज्याला त्याला सुचवत असते आणि समोरून ठरलेला प्रश्न येतो, ‘अगं पण तो दुःखी आहे ना, पोरं रडली तर?’ रडू देत. सहा वर्षांच्या पुढच्यांना बिनधास्त दाखवा, फक्त त्यांना टीव्हीसमोर बसवून तुम्ही स्वयंपाकघरात जाऊ नका, कारण सुरुवातीलाच आई निघून जाते आणि तेव्हा शेजारी कोणीतरी लागतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, २०१४चा आयरिश अ‍ॅनिमेशन पिक्चर, किल्केनी शहरातल्या कार्टून सलून स्टुडिओचा, डायरेक्टर टॉम मूर, ऑस्कर नॉमिनेशनपर्यंत गेलेला. दीपगृहात राहणारे बाबा, दहा वर्षांचा बेन आणि सहा वर्षांची सर्शा, जी एक शब्द बोलत नाही. तिकडच्या किनाऱ्यावर सेल्कीच्या गोष्टी सांगतात, म्हणजे समुद्रात असली की सील आणि कातडं उतरवलं की माणूस. आई तशी होती, सर्शाही तशीच निघते, आणि तिचा तो कोट बाबांनी पेटीत कुलूप लावून ठेवलाय. मूरला हे सुचलं ते आयर्लंडमधल्या केरीच्या किनाऱ्यावर, मुलाला घेऊन सुट्टीला गेला होता तर तिथे मारलेले सील पडलेले, मासे कमी झाले म्हणून कोळ्यांनी मारलेले, आणि तेव्हा कानावर आलं की पूर्वी असं कोणी केलं नसतं, सेल्कीच्या गोष्टींवर लोकांचा विश्वास होता.

आता दुःखाचं. यातली चेटकीण माचा, तिचा मुलगा मॅक लिर. तो एवढा रडला की पूर यायची वेळ आली, आईला ते बघवेना म्हणून तिने त्याचं दुःखच काढून घेतलं आणि तो दगड झाला, दीपगृहाजवळचं ते बेट म्हणजे तोच. मग ती दिसेल त्याच्या भावना काढून काचेच्या बरण्यांत भरत सुटते, स्वतःच्यासुद्धा. बेन तिच्या घरी पोचतो तो सीन नीट बघा, जिकडे तिकडे बरण्या, आणि ही म्हातारी अगदी मायेने त्याला म्हणतेय की आण इकडे, तुझंही दुःख काढून घेते, आणि स्वतः मात्र दगड होत चाललीय. ती दुष्ट नाहीये हो, काळजीच करतेय!

आणि बेनची आजी, जी मुलांना समुद्राजवळ ठेवायलाच नको म्हणून डब्लिनला उचलून नेते, तिचा चेहरा माचासारखाच काढलाय, आवाजही एकीचाच, फिओनुला फ्लॅनगनचा. बाबा आणि मॅक लिर दोघांना ब्रेंडन ग्लीसनचा. माझी भाची मध्येच ओरडली, ‘ही तर आजीच आहे!’ तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. म्हणून ‘पोरं रडतील’ हा प्रश्न आला की मला माचाच आठवते, राग मानू नका.

बरं, सगळा रडका पण नाहीये. डब्लिनच्या ट्रॅफिकमध्ये एका सर्कलच्या मधोमध राहणारे तीन गाणारे परीलोकवाले आहेत, आणि एक बाबाजी, त्याच्या एकेका केसात एकेक गोष्ट आहे पण त्याला स्वतःला धड काही आठवत नाही, तिथे पोरं खूप हसतात. चित्रं हाताने काढलेली, बॅकग्राउंडला वॉटरकलर, कडेने रंग पसरलेला दिसतो, दगडांवर जुन्या आयरिश कोरीवकामातली वर्तुळं. चकचकीत थ्रीडीची सवय झालेली पोरं पहिली दहा मिनिटं कुरकुरतात, मग गप्प. म्युझिक ब्रूनो कुले आणि कीला बँडचं, त्यासाठी शक्यतो मोबाईलवर बघू नका.

उच्चार आयरिश आहेत, तेव्हा सबटायटल्स लावा, आणि वाचता न येणाऱ्यांना हळू आवाजात सांगत राहा. आवडला तर त्याच स्टुडिओचा २०२०चा ‘वुल्फवॉकर्स’ आहे, पण त्यात मारामारी जास्त, तो जरा मोठ्यांना. आणि माचाची घुबडं खरंच भीतीदायक आहेत, रात्री एकटं झोपायला घाबरणारं पोर असेल तर दुपारी लावा.