न परतलेले बारा किलो

आहारतज्ज्ञाच्या कामातलं यश बाराव्या आठवड्यात जाहीर होतं. पॅकेज तीन महिन्यांचं, फी तीन महिन्यांची, पहिल्या दिवसाचा फोटो आणि शेवटच्या दिवसाचा फोटो. मग पेशंट घरी जातो. खरं कठीण काम तिथून पुढे सुरू होतं, आणि त्या कामासाठी आमच्याकडे ना रजिस्टर, ना वेळ, ना कुणी विचारणारं. गोव्यात फोंड्याच्या एका खासगी दवाखान्यात मी बरीच वर्षं हे काम करते आहे. गेल्या वर्षी म्हाळाच्या दिवसांत एक जुनी पेशंट आली आणि तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

तिला सुलभाताई म्हणू, नाव बदललं आहे. म्हार्दोळच्या बाजूची, पन्नाशीला टेकलेली. घरून ऑर्डरी घेते. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, नेवऱ्या (करंज्या), लाडू, चकल्या. एरवी कुणाच्या घरी कार्य असलं की जेवण. पहिल्यांदा आली तेव्हा वजन 88 किलो, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) 7.2 टक्के, आणि गुडघे इतके दुखायचे की देवळाची पायरी आडवं पाऊल टाकून चढायची. लागोपाठ पॅकेजं घेऊन तिने वजन 67 वर आणलं. साखर 5.8. गोव्यात ही लहान गोष्ट नाही. देशभरातल्या मधुमेहाची भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) केलेली पाहणी 2023 मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात सगळ्यात वरचा आकडा आमच्या राज्याचा होता, 26.4 टक्के. आमच्या वेटिंग रूममध्ये बसून तो आकडा वाचायची गरजही पडत नाही, दिसतोच.

डॉक्टरांनी रीतसर परवानगी घेऊन तिचे दोन फोटो शेजारीशेजारी मोठे करून रिसेप्शनच्या भिंतीवर लावले. त्याला तीन वर्षं झाली.

त्या दिवशी ती अपॉइंटमेंट न घेता आली. दवाखान्यात तशी गर्दी नव्हती, म्हाळात असतेच कमी. मी सवयीने वजनकाट्याकडे हात केला, तर ती दारातच उभी राहिली.

"मॅडम, वजन करायला नाही आले मी. तो बाहेरचा फोटो तेवढा काढा."

बसली, पाणी प्यायली, मग हळूहळू सांगितलं. चवथीच्या नेवऱ्या न्यायला आलेली एक बाई आधी आमच्याकडे येऊन गेली होती. तिने घरातल्या चार माणसांसमोर विचारलं, "दवाखान्यांतलो फोटो तुजोच न्हय गो? परत मोटी जाली मगो तूं!" हे तिने सोसलंही असतं. पण त्याच्या आधी ती गुडघ्यासाठी आमच्या डॉक्टरांना दाखवायला आली होती, आणि ते केबिनचं दार उघडं असताना म्हणाले होते, "चोरून काहीतरी खात असणार तुम्ही."

आमच्या सगळ्या क्षेत्रातलं हे सर्वांत आळशी वाक्य आहे. ते बोललं की पुढे काही तपासावं लागत नाही.

तिने पिशवीतून एक वही काढून माझ्या टेबलावर ठेवली. ऑर्डरींच्या हिशेबाची लांबट वही. पुढून कोणाच्या किती नेवऱ्या, किती आगाऊ मिळाले; मागून उलटी धरली की तिचं वजन. दर रविवारी, सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी. 67 वर पोचली त्या महिन्यापासून एकही रविवार सुटलेला नव्हता. आकड्याशेजारी चालण्याची मिनिटं. त्याच्या पुढे ‘चव’ असा रकाना, त्यात उभ्या रेघा. एखादा पदार्थ करताना चाखून बघितला की एक रेघ. चवथीच्या आधीच्या आठवड्यांत रेघांचे गठ्ठेच्या गठ्ठे होते, पाचव्याची आडवी रेघ मारून बांधलेले. चोरून खाणारं माणूस असा रकाना आखत नाही.

आणि समासात, वेगळ्या पेनाने, अधूनमधून एकच शब्द: भूक. ‘रात्री 11 ला भूक.’ ‘जेवून उठले, तरी भूक.’ एका ठिकाणी ‘पहाटे स्वप्नात पातोळ्या’. हे वाचून मी थांबले. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. ती मुलं पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची, जेवणाची स्वप्नं बघायची. आम्हाला हे शिकताना सांगतात. पण ही बाई तर माझ्या तक्त्याप्रमाणे व्यवस्थित चारीठाव जेवत होती. तिचं शरीर मात्र दुष्काळातच होतं.

वाढ कशी झाली ते वहीत स्पष्ट दिसत होतं. तीन वर्षांत 67 चे 76. एकदम कुठेच नाही. सरासरी काढली तर महिन्याला पाव किलो. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 कॅलरी धरल्या, तर ढोबळ हिशेबाने दिवसाला साठ-पासष्ट कॅलरी जास्त. बेकरीतला अर्धा पाव. किंवा नेवरीसाठी केलेलं चमचाभर चून, म्हणजे गोड सारण. एवढी चूक कुठलाही माणूस डोळ्यांनी पकडू शकत नाही. मीही माझ्या ताटात पकडू शकणार नाही.

मी माझ्या पद्धतीने सगळं पडताळून बघितलं. "काल काय खाल्लं" या प्रश्नाला खरं उत्तर मिळत नाही. लोक खोटं बोलतात असं नाही, त्यांना आठवतच नाही. म्हणून मी आडून विचारते. घरात माणसं किती? महिन्याला तेल किती लिटर आणता? आठवड्याला नारळ किती फोडता? शीत, म्हणजे शिजलेला भात, कुठल्या दवल्याने (डावाने) वाढता, तो दवला घेऊन या. गोव्यात नारळाचा प्रश्न तेलाच्या प्रश्नापेक्षा जास्त बोलतो. एका घरात आठवड्याला दहा नारळ निघतात आणि बाई शपथेवर सांगते की आम्ही तेलकट खातच नाही. सुलभाताईच्या घरी चार माणसांना महिन्याला दोन लिटर तेल, म्हणजे माणशी रोज तीनएक चमचे, आणि आठवड्याला दोन नारळ. ऑर्डरीचं तेल वेगळ्या डब्यात, वेगळ्या हिशेबात. मी दिलेल्या तक्त्यापेक्षा ती कमीच खात होती.

मग मी वही महिन्यांप्रमाणे लावली. तीन वर्षांचे जून एकाखाली एक, जुलै एकाखाली एक. आणि एक गोष्ट उठून दिसली. वाढ जवळजवळ सगळी जून ते सप्टेंबरातली. हिवाळ्यात वजन खाली येत नव्हतं, नुसतं थांबत होतं. पुढच्या पावसात तिथून वर.

गोव्यात राहणाऱ्याला हे लगेच कळेल. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी. ताजा बांगडा मिळाला तर सोन्याच्या भावाने. मग ताटात शीत, आमटी आणि तोंडी लावायला सुक्या सुंगटांची (कोळंबीची) चिमूटभर किस्मूर. बंदी उठते न उठते तोवर श्रावण असतो, आणि तिच्या घरी चवथ होईपर्यंत मासळी शिवत नाहीत. मध्यम आकाराच्या एका बांगड्यातून साधारण वीस ग्रॅम प्रथिनं मिळतात. ती गेली, त्यांच्या जागी दवलाभर शीत वाढलं. प्रथिनं कमी झाली की पोट भरल्यासारखं राहत नाही आणि स्नायूही टिकत नाहीत. पाऊस, म्हणून चालणं बंद. ती महामार्गाच्या कडेने चालायची, तिथे पावसात पाय ठेवायला जागा नाही. आणि नेमक्या त्याच महिन्यांत नेवऱ्यांच्या ऑर्डरी, रात्री दीडपर्यंत कढईपुढे.

मी तिला दिलेला तक्ता बारा महिन्यांना सारखाच होता. छापील तक्ते तसेच असतात; बरेचसे गव्हाच्या प्रदेशात बसून केलेले, त्यांत ना बंदी असते ना श्रावण.

पण ऋतूवर सगळं ढकलून चालणार नाही. दोन महिने मासळी तिच्या शेजारणीलाही नव्हती, ती नाही नऊ किलोंनी वाढली. फरक हा, की सुलभाताई पूर्वी 88 ची होती. जन्मभर 67 किलो असलेली बाई आणि 88 वरून 67 वर आलेली बाई, काट्यावर सारख्या. शरीराचा हिशेब वेगळा. तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत असलेल्या केविन हॉल यांनी वजन उतरवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या 14 जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. सरासरी 58 किलो उतरले होते, त्यातले 41 परत आले होते. आणि त्यांची शरीरं बसल्या जागी जाळत होती त्या कॅलरी अपेक्षेपेक्षा रोज सुमारे 500 ने कमी. हॉल यांच्याच गटाने 2016 मध्ये दुसरं गणित मांडलं: उतरलेल्या प्रत्येक किलोमागे रोजचा खर्च 20 ते 30 कॅलरींनी घटतो, पण भूक 100 कॅलरींच्या आसपास वाढते. मेलबर्नमधल्या 2011 च्या अभ्यासात वजन उतरवून वर्ष झालं तरी भूक चेतवणारं घ्रेलिन चढलेलं आणि भूक आवरणारं लेप्टिन उतरलेलंच होतं. वहीच्या समासातला तो शब्द ही याच रसायनांची नोंद होती. याला इच्छाशक्तीचा अभाव म्हणणारा माणूस तीन वर्षं रोज अशी भूक घेऊन जगलेला नसतो.

मी वही घेऊन डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले. ते वाईट गृहस्थ नाहीत, निदान चांगलं करतात, पण वजनाच्या बाबतीत आकड्यापलीकडे बघत नाहीत. त्यांनी पानं चाळली आणि म्हणाले, "नऊ किलो परत आले म्हणजे फेलच झाली ना केस?"

"बारा नाही आले," मी म्हटलं.

88 चे 76 म्हणजे मूळ वजनाच्या तेरा टक्क्यांहून जास्त, तेही इतक्या वर्षांनी. पाच ते दहा टक्के टिकले तरी साखर, रक्तदाब, गुडघे यांना फायदा होतो हे आम्ही दोघंही शिकलोय. मी तिची साखर पुन्हा करायला लावली: 6.2. 7.2 ला आलेली बाई कुठलीही गोळी वाढवल्याशिवाय इतकी वर्षं इथे आहे, आणि आम्ही, तिचे गिऱ्हाईक, ती स्वतः, सगळे त्या नऊ किलोंकडेच बघत बसलो होतो. डॉक्टर काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी वॉर्डबॉयला बोलावून फोटो उतरवायला सांगितला आणि बाहेर येऊन तिच्याशी नीट बोलले. माफी वगैरे नाही मागितली. गुडघा मात्र या वेळी हात लावून तपासला.

तिने जाताना विचारलं, "ती सुई घेऊ का मग?" वजन उतरवणारं टिर्झेपटाइडचं इंजेक्शन भारतात 2025 च्या मार्चमध्ये आलं, तेव्हापासून हा प्रश्न प्रत्येकीच्या तोंडी आहे. ही औषधं परिणामकारक आहेत, त्यांना नावं ठेवणं मला पटत नाही. पण त्याच प्रकारचं सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोनतृतीयांश भाग परत आल्याचं चाचणीत दिसलं आहे. म्हणजे घ्यायचं तर वर्षानुवर्षं घ्यायचं, आणि महिन्याचा खर्च हजारांत. ऑर्डरींवर चालणाऱ्या घरात तो किती महिने पेलेल, हे विचारूनच ठरवायला हवं. दुकानं मात्र ‘तीन महिन्यांचा कोर्स’ म्हणून विकायला लागली आहेत. परत तेच तीन महिने.

आम्ही दोघींनी मिळून दुसरं ठरवलं. उतरवायचं काही नाही. 76 धरून ठेवायचं. जूनपासून चवथीपर्यंतचा तक्ता वेगळा: मोड आलेले मूग, मटकी, चवळी, अंडं चालतं त्या वारी अंडं, ताक, आणि शीत त्याच दवल्याने पण एकदाच. चून चाखायचं काम सुनेकडे. पावसात घरातच पाच लिटरच्या तेलाच्या रिकाम्या कॅनांत पाणी भरून ते उचलणं, खुर्चीवरून उठबस, आणि पाऊस नसेल तेव्हा देवळाच्या आवारात फेऱ्या. वजन टिकवलेल्यांची एक नोंदवही अमेरिकेत 1994 मध्ये सुरू झाली. त्यातली माणसं सरासरी रोज तासभर व्यायाम करतात. तास तिला शक्य नाही. जितका होईल तितका करते.

डॉक्टरांनी आता आठवड्यातली एक दुपार मला दिली आहे, जुन्या पेशंटसाठी, फीशिवाय. त्यासाठी मी खूप भांडले. येतात कोण? वजन टिकलेले. ज्यांचं परत आलंय ते येत नाहीत. मी जुनी रजिस्टरं काढून एकेकीला फोन करते. बोलतात गोड, मुलांची चौकशी करतात, आणि शेवटी बहुतेक जणी एकच सांगतात: "मॅडम, थोडं उतरवते आणि मग येते."

उतरवून येऊ नका, आहात तशा या, एवढं मी प्रत्येकीला सांगते. फोन ठेवल्यावर नावापुढे तारीख घालते आणि पुढच्या महिन्यात पुन्हा लावते.