तुम्ही विचारलंत म्हणून: हेवा गेला कसा?

"ताई, ती आयर्लंडला गेली अन् तुम्ही इथेच, तुम्हाला हेवा नाही वाटला का?" महिला मंडळात हे कुणी ना कुणी विचारतंच, परवा एका नवीन लग्न झालेल्या मुलीने डोळ्यात पाणी आणून विचारलं म्हणून आज नीट लिहिते.

वाटला. खूप वाटला. ती माझी मैत्रीण, आम्ही दोघी नगरच्या, नर्सिंगची बॅच एक, चर्च एक, ओईटीचा, म्हणजे परदेशात नर्स म्हणून जायला लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेचा, क्लासपण बरोबरच लावलेला. ती पास झाली, मी रायटिंगमध्ये राहिले आणि परत फी भरायला पैसे नव्हते. नाइट ड्युटीला पहाटे तीनला पेशंटचं सलाइन बदलून खुर्चीत टेकले की आधी तिचं स्टेटस उघडायचे, लाल कोट घातलेला फोटो, आणि पोटात नुसती आग. तिच्या मम्मीने चर्चमध्ये उपकारस्तुतीचं अर्पण दिलं त्या रविवारी सगळे आमेन म्हणाले, माझ्या तोंडून निघेना.

बायबलमधल्या स्तोत्र ७३ मध्ये ते रचणारा आसाफ सरळ कबूल करतो की मला हेवा वाटला, माझा पाय घसरणारच होता. पण त्याला वाटला तो दुष्टांचा. माझी मैत्रीण तर चांगली पोरगी, तिच्यात मी खोट काय काढू?

मला धरलं ते योहान २१ ने, म्हणजे योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायाने. येशूचा शिष्य पेत्र, त्याने प्रभूला तीनदा नाकारलं, मी ह्याला ओळखत नाही म्हणाला, तेव्हा तो कोळशाच्या विस्तवापाशीच शेकत उभा होता, आणि इथे तिबिर्या सरोवराच्या काठावर प्रभू तसाच विस्तव करून त्याला भाकर अन् मासे खाऊ घालतो, तीनदा विचारतो माझ्यावर प्रीती करतोस का, आणि आपली मेंढरं त्याच्या हवाली करतो. एवढं सगळं पदरात पडल्यावर पेत्र काय करतो, तर मागे वळून दुसऱ्या शिष्याकडे बघतो, प्रभू, ह्याचं काय? प्रभू म्हणतो, "त्याचे तुला काय? तू माझ्यामागे ये." लोक म्हणतात प्रभूने झापलं त्याला. मला तसं नाही वाटत, लेकराची मागे वळलेली मान आई हाताने पुढे करते ना, तसं ते वाटतं. त्या रात्री मी खूप रडले.

मग रोज तिचं नाव घेऊन प्रार्थना करायला लागले. खोटं बोलायचं नाही एवढं ठरवलं होतं, त्यामुळे पहिले कित्येक दिवस एवढंच, प्रभू, तिचं भलं व्हावं असं मला वाटत नाहीये, तरी तू कर. महिने गेले, एकदम काही झालं नाही.

पुढे तिच्या मम्मीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, घरी दुसरं कुणी नाही, म्हणून ड्युटीच्या आधी आणि नंतर ड्रॉप टाकायला मी जायचे. एकदा मान मागे करून, खालची पापणी ओढून थेंब टाकत होते तेवढ्यात तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे ती एवढ्याशा खोलीत युनिफॉर्मवरच बसलेली, म्हणाली, "मम्मीचा डोळा जवळून दाखव ना." मी फोन जवळ नेला. ती बघत राहिली आणि रडायला लागली, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, प्रभू, हिला सांभाळ.