आठ गणक, चौसष्ट बाइट

गंगापूर रोडवरच्या माझ्या खोलीतील आठ कोरच्या (म्हणजे प्रोसेसरमध्ये एकाच वेळी गणित करू शकणारे आठ भाग असलेल्या) संगणकावर मी एप्रिलमध्ये एक साधा प्रयोग केला. १० कोटी पूर्णांकांत सम संख्या किती आहेत, हे मोजण्याचे काम आठ थ्रेडना, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या आठ धाग्यांना, वाटून दिले. प्रत्येकाला स्वतंत्र तुकडा आणि स्वतंत्र गणक (मोजणीचा आकडा ठेवण्याची जागा) असल्यामुळे, वहीतील हिशेबाप्रमाणे वेळ जवळजवळ एक अष्टमांशावर यायला हवा होता. प्रत्यक्षात तो एकट्या थ्रेडला लागणाऱ्या वेळेपेक्षाही वाढला.

दोन संध्याकाळ मी लूपमध्ये चूक शोधत बसलो, पण ती तिथे नव्हतीच. प्रत्येकी ८ बाइटचे आठ गणक मी एका अ‍ॅरेत शेजारी-शेजारी ठेवले होते, म्हणजे एकूण ६४ बाइट, आणि माझ्या प्रोसेसरची कॅश लाइन, म्हणजे कोरजवळच्या छोट्या, जलद स्मृतीचा (कॅशचा) एक कप्पा, हीही तेवढीच. कोरांमधील देवाणघेवाण एकेका बाइटची नव्हे, तर अख्ख्या लाइनची होते. त्यामुळे एका कोरने आपला गणक वाढवला की इतर सात कोरांजवळची प्रत बाद ठरे, आणि ती लाइन सतत या कोरकडून त्या कोरकडे हिंडत राही. याला ‘फॉल्स शेअरिंग’ म्हणतात. प्रत्येक थ्रेडने स्थानिक (फक्त स्वतःच्या) चलात मोजून शेवटी एकदाच बेरीज लिहावी, एवढ्या बदलाने हे थांबले.

तरीही चार थ्रेडनंतर वेग वाढेना. अशा वेळी १९६७ सालच्या अ‍ॅमडालच्या नियमाकडे बोट दाखवण्याची पद्धत आहे: कामाचा ५ टक्के भाग क्रमाने करावा लागत असेल, तर कितीही कोर लावले तरी वेग २० पटींपलीकडे जात नाही. माझ्या कामात तसा भाग नगण्य होता. अडचण स्मृतीची होती; प्रत्येकी ४ बाइटचे १० कोटी पूर्णांक, म्हणजे ४० कोटी बाइट, कॅशमध्ये मावत नाहीत आणि ते मुख्य स्मृतीतूनच यावे लागतात. लासलगावला ट्रॅक्टर कितीही आले तरी भुईकाटा एकच असेल तर रांग लागणारच. त्याच संख्यांवर मूळसंख्येची चाचणी लावली, म्हणजे प्रत्येक बाइटमागे गणित वाढवले, तेव्हा आठही कोर कामाला लागले.

तेव्हाही आठ पट वेग मिळाला नाही, कारण एकटा कोर चालताना प्रोसेसर घड्याळाची गती चढवतो आणि सगळे तापले की उतरवतो. नाशिकच्या उन्हाळ्यात दुपारचे आणि पहाटेचे आकडे वेगळे येतात. म्हणून आता पहिली धाव सोडून पुढच्या दहा धावांचा मध्यक मी पहाटेच घेतो.