मार्लिन १८९५ आणि क्रिम्पची डोकेदुखी

आजचा रविवार रीलोडिंग बेंचवरच, म्हणजे वापरलेली काडतुसं घरी पुन्हा भरण्यातच गेला. रायफल मार्लिन १८९५, काडतूस १८७३ सालचं ४५-७०. इथे अमेरिकेत सगळे आधी पावडरचं विचारतात, पण खरी मेख क्रिम्पमध्ये, म्हणजे केसचं (काडतुसाच्या पितळी नळीचं) तोंड बुलेटवर आवळण्यात आहे. मॅगझिन नळीचं, म्हणजे बुलेटचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला (आघाताने पेटणाऱ्या टोपीला) टेकलेलं. टोक चपटंच हवं, अणकुचीदार अजिबात नको! शिवाय दणक्याने बुलेट केसमध्ये आत सरकते, म्हणून रोल क्रिम्प, म्हणजे केसची कड बुलेटच्या खाचेत आत वळवायची. केस २.१०५ इंचांपेक्षा लांब नको. लांबी कमीजास्त असली की एक क्रिम्प सैल, दुसरा इतका घट्ट की केस फुगते आणि चेंबरमध्ये शिरत नाही. केसचं तोंड फाकवतानाही हात आखडता ठेवा, नाहीतर पितळ लवकर चिरतं. बुलेट बसवताना तिचं शिसं तासलं जात असेल तरच फाकवणं किंचित वाढवा. आणि हो, मॅन्युअलमधला रुगर नंबर वन या जास्त मजबूत रायफलीचा पावडरचा तक्ता या रायफलीला लावू नका.